कोकणच्या बोटीला वेळापत्रक हवं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोकणच्या बोटीवरून पुन्हा जुंपली आहे. मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला गाड्यांसकट माणसं नेणारी रो-रो बोट सुरू करण्याची घोषणा २०२५ साली झाली, मग तारखा पुढे पुढे जात राहिल्या, आणि घरात सरळ दोन तट पडले. मालवणचे काका म्हणतात, "बोट होवकच व्हयी. आमचा अर्धा आयुष्य त्या बोटीर गेला." पुण्याच्या भाच्याला हे पटत नाही. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, चिपीचा विमानतळ २०२१ ला उघडला, महामार्ग आज ना उद्या पुरा होईल. मग सरकारने समुद्रात पैसे का ओतायचे, असा त्याचा रोकडा सवाल. काका जुने फोटो टाकतात, भाचा प्रवासाच्या वेळांचे तक्ते टाकतो.

मी ग्लासगोत राहते. मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं. का वाटतं ते सांगायचं तर या शहरातल्या दोन गोष्टींबद्दल बोलावं लागेल: एक आगबोट आणि एक ऑर्गन.

युरोपातली पहिली व्यावसायिक प्रवासी आगबोट याच क्लाइड नदीवर धावली. हेन्री बेल नावाच्या माणसाने १८१२ साली 'कॉमेट' ही लाकडी बोट ग्लासगो, ग्रीनॉक आणि हेलेन्सबर्ग यांच्यामध्ये सोडली. (मुंबईही फार मागे नव्हती. वाडियांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' १८३० मध्ये वाफेवर सुएझपर्यंत गेली.) शतक संपेपर्यंत क्लाइडच्या मुखाशी दोन्ही बाजूंच्या चाकांनी पाणी कापत जाणाऱ्या आगबोटींची नुसती दाटी झाली होती. रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या बोटी होत्या, आगगाडी धक्क्यावर आली की प्रवासी धावत बोटीत शिरायचे, आणि पुढच्या धक्क्यावर आपण आधी पोचावं म्हणून कप्तान शर्यती लावायचे. जुलैत कारखान्यांना सुट्टी लागली की अर्धं ग्लासगो या बोटींनी खाली समुद्राकडे जायचं.

त्या सगळ्या ताफ्यातली एकच बोट आज माणसं घेऊन समुद्रात जाते, ती 'वेव्हर्ली'. या नावाची आधीची बोट दुसऱ्या महायुद्धात, २९ मे १९४० ला, फ्रान्सच्या डंकर्कहून सैनिक आणताना बुडाली. तिच्या जागी ही ग्लासगोत बांधली गेली, १९४६ मध्ये पाण्यात उतरली आणि १६ जून १९४७ ला पहिल्या फेरीवर निघाली. १९७०च्या दशकात मोटारी आल्या, स्पेनला स्वस्तात सहली निघू लागल्या, आणि कंपनीने हात टेकले. १९७४ साली ही बोट एका पौंडाला आगबोटप्रेमींच्या संस्थेला विकली गेली. धक्क्याला बांधून तिचं संग्रहालय करणं सोपं होतं. या लोकांनी दुसऱ्याच वर्षी तिला प्रवासी घेऊन बाहेर काढलं.

तिचं इंजिन प्रवाशांना दिसतं. दोन्ही बाजूंच्या बोळातून चालताना कठड्यापलीकडे तीन जाडजूड दांडे फिरताना दिसतात. वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये काम करते, तिथून मधल्यात, तिथून मोठ्यात, आणि शेवटचा जोर संपेपर्यंत तिला सोडत नाहीत. गरम तेलाचा वास येतो, पायाखालची फळी ठोक्याठोक्याने थरथरते, आणि इंजिनवाला मधूनच हात घालून एखादी बेअरिंग तापली का ते चाचपून बघतो. लहान मुलं तिथून हलत नाहीत. मीही हलत नाही. २०१९ मध्ये बॉयलर निकामी झाले आणि तो अख्खा हंगाम बुडाला. तेव्हा २३ लाख पौंडांचं आवाहन केलं गेलं, लोकांनी पैसे दिले, आणि पुढच्या वर्षी नवे बॉयलर घेऊन बोट परत आली. ही माणसं भावनेपोटी पैसे देतात हे खरंच आहे. पण त्यातल्या बहुतेकांनी त्या बोटीचं तिकीट काढलेलं असतं, तिच्यावर चहा प्यायलेला असतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जायचं असतं.

तिच्या धक्क्यापासून नदी ओलांडून थोडं चाललं की केल्विनग्रोव्ह संग्रहालय लागतं. तिथल्या मधल्या दालनात वरच्या सज्जावर ऑर्गन आहे. लंडनच्या लुईस कंपनीने तो १९०१ च्या ग्लासगो प्रदर्शनासाठी बांधला आणि प्रदर्शन संपल्यावर शहराने विकत घेतला. रोज दुपारी एक वाजता तो वाजतो, रविवारी तीन वाजता. तिकीट नाही. खाली शाळेची मुलं, पेंगुळलेली बाळं, कॉफी पिणारे म्हातारे, आणि वरून २,८८९ नळ्यांचा आवाज.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीत आठवतं. पायाने भाता हलवायचा, आत पितळी पट्ट्या, बालगंधर्वांच्या कंपनीत थिरकवाखाँसाहेबांच्या तबल्याशेजारी तो असायचा. इथला पाइप ऑर्गन त्याच कुळातला, पण त्याचा इतिहास वेगळा आणि खडतर आहे. इंग्लंडच्या यादवीत, १६४४ साली, पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला आणि शेकडो वर्षांची परंपरा मध्येच तुटली. १६६० ला राजेशाही परतली तेव्हा ऑर्गन बांधणाऱ्यांना जवळजवळ नव्याने उभं राहावं लागलं. पुढे १७१२ मध्ये लंडन ब्रिजजवळच्या सेंट मॅग्नस चर्चमध्ये जॉर्डन नावाच्या कारागिराने काही नळ्या पेटीत बंद केल्या आणि पेटीला उघडझाप करणारी दारं लावली. दार उघडलं की सूर फुगतो, मिटलं की दबतो. इंग्रजी ऑर्गनचा जीव त्या पेटीत आहे असं मला ऐकून ऐकून वाटायला लागलंय. जॉन स्टॅनली हा आंधळा वादक अठराव्या शतकात लंडनला गाजला. त्याच्या रचना साध्या, बोलक्या आहेत आणि पायाने वाजवायच्या पट्ट्यांशिवाय वाजतात, कारण इंग्लंडातल्या बहुतेक ऑर्गनला तेव्हा पायाच्या पट्ट्याच नव्हत्या. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराचा १८९५ चा ऑर्गन सोनाटा ऐकला तर तेच वाद्य अख्ख्या वाद्यवृंदाचा आव घेऊन उभं राहिलेलं असतं.

मधल्या काळात काय झालं, ते आपल्या वादाच्या कामाचं आहे. कारखान्यांच्या शहरांकडे पैसा आला, पण वाद्यवृंद पोसणं परवडेना. मग नगरपालिकांनी मोठमोठे ऑर्गन बांधले: बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये १८३४ ला, लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये १८५५ ला. लिव्हरपूलला डब्ल्यू. टी. बेस्ट हा वादक जवळजवळ चाळीस वर्षं नगरपालिकेच्या नोकरीत होता. ज्यांना बीथोवन किंवा रोसिनी वाद्यवृंदावर ऐकायला मिळण्याची शक्यता नव्हती, अशा गिरणी कामगारांनी आणि कारकुनांनी ते सगळं पहिल्यांदा त्याच्या ऑर्गनवर ऐकलं. लंडनच्या अल्बर्ट हॉलच्या ऑर्गनला हवा पुरवायला १८७१ मध्ये चक्क वाफेची इंजिनं बसवली होती. चर्चमध्ये मात्र अजून माणसं भाता मारत होती. १८३७ साली मेंडेल्सन हा नावाजलेला जर्मन संगीतकार लंडनच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये बाखची रचना वाजवत होता, प्रार्थना संपली तरी ऐकणारे उठेनात, तेव्हा चर्चच्या शिपायांनी भातेवाल्यांनाच थांबवलं. हवा संपली आणि वादन मध्येच बंद पडलं. मेंडेल्सनसारखा मेंडेल्सन, पण खालचा माणूस थांबला की वरचा हतबल.

इंग्रजी बोटीचं पोटही अशाच माणसांवर चालायचं, आणि त्यात आपली माणसं होती. मोठ्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी, तांडेल, सारंग पुष्कळदा रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान असत आणि खानपानाच्या कामावर गोव्याचे ख्रिश्चन. मुंबईला भरती होऊन ते लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोच्या गोद्यांत उतरत, पुढच्या बोटीची वाट बघत थांबत. माझ्या आधी कितीतरी वर्षं कोकणची बोली या नदीकाठी बोलली गेली आहे. इथे आगबोटींवर पुस्तकांचे ढीग आहेत, त्यांत इंजिनाच्या प्रत्येक खिळ्याची नोंद सापडते. पण या माणसांची नावं त्यांत फारशी नाहीत, आणि आपणही ती लिहून ठेवली नाहीत याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं वाचून काका खूश होतील, की बघा, इंग्रज आपलं जुनं कसं जपतात. इथेच मला त्यांना थांबवायचं आहे. इंग्रजांनी जपलं त्यापेक्षा कितीतरी जास्त मोडीत काढलं. वेव्हर्लीच्या बहिणी भंगारात गेल्या. स्कॉटलंडात चर्चमागून चर्च बंद होऊन विकली जात आहेत. त्यांतले चांगले ऑर्गन जर्मनी, हॉलंड, पोलंडकडे जातात, बाकीच्यांच्या नळ्या धातूच्या भावाने जातात. जे टिकलं ते जुनं होतं किंवा सुंदर होतं म्हणून टिकलं नाही, कारण मोडीत गेलेलंही तितकंच जुनं आणि सुंदर होतं. टिकलं ते, ज्याची वेळ ठरलेली होती आणि ज्याच्यासाठी कुणाला तरी पगार मिळत होता. केल्विनग्रोव्हचा ऑर्गन रोज एक वाजता वाजायचा नसता, तर एव्हाना त्याच्या भात्याचं चामडं केव्हाच तडकलं असतं. आपल्या नाट्यसंगीताच्या ऑर्गनचं तेच झालंय. बऱ्याच ठिकाणी आता सिंथेसायझरवर त्याचा आवाज लावतात, कारण खरा ऑर्गन वाजवणारा मिळाला तरी दुरुस्त करणारा मिळत नाही.

आता कोकणची बोट. काकांच्या फोटोंत ती फार देखणी दिसते. माझ्या आजीने मात्र ती वेगळी सांगितली होती. मालवणला बोट धक्क्याला लागतच नसे, खोल पाण्यात उभी राहायची. माणसं पडावातून तिच्याजवळ जायची, पडाव लाटेबरोबर वर आला की खलाशी काखेत हात घालून बाईला शिडीवर ढकलायचा, आणि मूल मागून हातोहात वर जायचं. ट्रंका, फणस, कोंबड्या, आजारी माणसं, सगळं तसंच. वर डेकवर पथारी पसरायची, शेजारणीला बोट लागली की तिचं पोरही आपण सांभाळायचं. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै करत करत भाऊचा धक्का. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे कोकणची दारंच बंद. आजीचे वडील मुंबईत ऐन आषाढात वारले, आणि तिला ते दहा दिवसांनी कळलं.

आणि 'रामदास'. ही बोट १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत लाटेने कलंडून बुडाली. वेव्हर्लीच्या पहिल्या फेरीला तेव्हा एक महिना झाला होता. रामदासवर वायरलेस नव्हता. मुंबईत बातमी पोचली ती वाचलेली माणसं किनाऱ्याला लागल्यावर, दुपारी. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत जमतील तेवढे लोक ओढून घेतले. सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यांत सणासाठी घरी निघालेली लालबाग-परळची कुटुंबंच्या कुटुंबं होती. त्याआधी १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. बोटीच्या आठवणी काढणाऱ्याने या तीन नावांना वगळून आठवणी काढू नयेत.

पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'कोकण शक्ती' आणि 'कोकण सेवक' थांबल्या आणि प्रवासी बोटींचा तो सिलसिला संपला. नंतर ज्या ज्या आल्या त्या वेगाच्या किंवा चैनीच्या होत्या, पर्यटकाच्या खिशाकडे बघून आखलेल्या. आल्या तशा गेल्या. याला अपवाद भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोचा. ती २०२० मध्ये सुरू झाली आणि चालू आहे. तिचं वेळापत्रक लोकांना पाठ असतं, हे तिच्या चालण्याचं कारण आहे असं मी मानते.

भाच्याच्या मुद्द्यालाही इथलं उत्तर आहे, पण ते सरळ नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांना कॅलमॅक ही सरकारी मालकीची कंपनी बोटी पुरवते. तिचा तोटा सरकार भरून देतं, कारण बेटावरच्या माणसाला दवाखाना, शाळा, बाजार यांच्यापर्यंत पोचण्याचा हक्क आहे असं इथे मानतात. २०१५ पर्यंत या सगळ्या मार्गांवर तिकिटाचा नवा हिशोब लागू झाला: तेवढंच अंतर रस्त्याने जायला जो खर्च येईल, साधारण तेवढंच बोटीचं भाडं. कल्पना न्याय्य होती. परिणाम मात्र दुहेरी झाला. भाडी उतरताच पर्यटकांच्या मोटारींची झुंबड उडाली, आणि ऐन उन्हाळ्यात बेटावरच्याच माणसाला स्वतःची गाडी चढवायला जागा मिळेनाशी झाली.

आणि नवी बोट बांधण्याचं म्हणाल तर ग्लेन सॅनक्सची गोष्ट ऐका. अरान बेटाच्या मार्गासाठी ही बोट २०१५ मध्ये ग्लासगोपासून जवळच्याच गोदीला सांगितली गेली. दोन बोटी मिळून ९ कोटी ७० लाख पौंड. २०१७ मध्ये मोठा समारंभ करून ती पाण्यात उतरवली, तेव्हा तिच्या काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. प्रवासी घेऊन ती निघाली जानेवारी २०२५ मध्ये, आणि तोवर खर्च कित्येक पट वाढला होता. आमचा मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रखडला म्हणून मला इथे मान खाली घालायची काही गरज वाटत नाही. पण एक फरक मी नोंदवते. इथे त्या बोटीवर संसदीय समित्यांनी चौकशी केली, लेखापरीक्षकांनी अहवाल काढले, अरानची माणसं सभांना जाऊन मंत्र्यांना दिवस आणि तारखा विचारत राहिली. कुणी तिला ओळख म्हटलं नाही, वारसा म्हटलं नाही. "मंगळवारी माझ्या आईची रुग्णालयात तपासणी आहे, बोट येणार का?" असं विचारलं.

कोकणच्या वादात मला हा प्रश्न ऐकू येत नाही. काका बोटीबद्दल बोलतात ते देवळाबद्दल बोलावं तसं, आणि भाचा मुंबई-पुण्याच्या घड्याळाने बोलतो. देवगडच्या आंबेवाल्याला पेट्या रात्री चढवून पहाटे मुंबईत उतरवता येतील का, मालवणच्या बाईला बाळंतपणाला माहेरी जाताना महामार्गाचे खड्डे टाळता येतील का, गणपतीत रेल्वेचं आरक्षण मिनिटांत संपतं त्या आठवड्यात बोट किती फेऱ्या करेल, याची उत्तरं मागायला हवीत. आणि ती मागायची तर बोट पाण्यात उतरण्याच्या आधी.

माझं मत विचाराल तर बोट हवी. पण चार अटींवर, आणि त्यांतली पहिली पावसाळ्याची. जून ते ऑगस्ट बोट बंद राहणार असेल तर ते कबूल करून त्या महिन्यांसाठी रेल्वेच्या जादा गाड्या त्याच योजनेत धरा. दुसरी बंदरांची: बोट सुंदर आणि धक्का तोकडा असं झालं तर आजीच्या पडावातच परत यावं लागेल. लाटारोधक भिंत, गाळ काढणं, धक्क्यावरून गावात जाणारी एसटी, हे खर्च बोटीच्या खर्चाइतकेच खरे आहेत. तिसरी, किती माणसं चढली याची मोजणी आणि हवामान खराब असेल तर बोट न सोडण्याचा कप्तानाचा अधिकार. इथे वारा वाढला की कॅलमॅकच्या फेऱ्या रद्द होतात, लोक वैतागतात, पण बोट निघत नाही. चौथी, डेकवर पायी चढणाऱ्या माणसासाठी राखीव जागा, नाहीतर सगळी बोट पुण्या-मुंबईच्या मोटारींनी भरेल आणि चाकरमानी धक्क्यावर उभा राहील. स्कॉटलंडने ही चूक करून बघितली आहे, आपण ती पुन्हा करण्याची गरज नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी जयगडच्या गाळाबद्दल मला माहीत नसलेल्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या. ते तरुणपणी बंदरात हमालीचे हिशोब लिहायचे, त्यांना कुठल्या भरतीला किती पाणी असतं ते अजून तोंडपाठ आहे. भाच्याने विचारलं, तोटा कोण भरणार? रास्त प्रश्न आहे. मी त्याला म्हटलं, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, उरलेली रक्कम सरकार महामंडळाला देतं. डोंगरातल्या वाडीला जाणारी एसटी नफ्यात नसते, तरी ती जाते, आणि ती बंद करा असं त्यानेही कधी म्हटलेलं नाही. मालवण ते मुंबई डेकचं भाडं एसटीच्या भाड्याइतकं ठेवून वर किती लागतील, याचा हिशोब तो आता मांडतोय. काकांनी त्याला फेऱ्यांचे जुने आकडे द्यायचं कबूल केलं आहे.